गोलकीपरच्या बदल्यात मी

माझ्या सख्ख्या मामांनी मला फसवलं. धर्मापुरीच्या टीमचा एक गोलकीपर आणि वर एक मेंढा घेऊन त्यांनी मला धर्मापुरीला देऊन टाकलं, परत घ्यायचा शब्द दिला आणि तो पाळला नाही. ज्या क्लबची पेटी मी स्वतःच्या डोक्यावरून घरी आणली, त्याच क्लबच्या विरुद्ध मला खेळावं लागलं. पुढे मी शेळ्यामेंढ्यांच्या व्यापारात पडलो, दोन शेळ्यांपासून सुरुवात करून आज दारात तीन मालट्रक उभे आहेत, आणि बाजारात लोक म्हणतात की नामदेवरावांना फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. तो कधीचाच जन्माला आलेला आहे. सिरसाळ्यात राहतो. नव्वदी ओलांडली तरी रोज सकाळी अंगणात खुर्ची टाकून उन्हाला बसतो, गावातलं बाकी सगळं ऐकतो, आणि मी हा विषय काढला की त्याला नेमकं कमी ऐकू येतं.

माझे वडील कड्याला साखर कारखान्यावर होते. कडा म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. तिथली खोली लहान आणि आईला तिथलं पाणी मानवेना, म्हणून ती आणि मी सिरसाळ्याला मामांकडे राहायचो. मामा हेडी होते. बैल घ्यायचे, विकायचे, दुसऱ्यांचे सौदे जमवून द्यायचे. घरापुढच्या अंगणात चालायला जागा कमी आणि खुंटे जास्त. पहाटे मला जाग यायची ती आईच्या भाकरी थापण्यानं. त्या आवाजावरून आज बाजार आहे की नाही हे पांघरुणात पडल्या पडल्या कळायचं. बाजाराच्या दिवशी थाप भराभर पडायची. इतर दिवशी ती मधेच थांबायची, कारण आई हातातली भाकरी तशीच धरून मामांशी भांडायची. भांडण कशावरूनही. मामांनी वासराला गूळ चारला आणि भाच्याला दिला नाही, एवढं सुद्धा पुरायचं.

मामांचे खरे सौदे डोक्याच्या रुमालाखाली व्हायचे. घेणाऱ्याचा हात देणाऱ्याच्या हातात, वर रुमाल, आणि आत बोटांनी बोलणं. तोंडानं दोघंही पाऊसपाण्याच्या, सोयरिकीच्या गप्पा मारणार. बोटं धरली की आकडा, आणि अंगठा दोनदा दाबला की ‘माल परत घेतो’. बाहेर उभ्या माणसाला काही कळायचं नाही, म्हणजेच त्या सौद्याला साक्षीदार नसायचा. शब्द हाच कागद. अदलाबदलीचीही एक रीत होती. घेतलेल्या जनावरात खोड निघाली, ते लाथाळ निघालं, चारा खाईना, जू बघून खाली बसायला लागलं, तर तिसऱ्या बाजाराचा दिवस मावळायच्या आत ते परत करता यायचं. दिवस मावळला की विषय संपला. आणखी एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो. मामांच्या हातची गाठ सुटत नसे. माजलेला वळू दावं तोडायचा, खुंटा उपटून न्यायचा, पण गाठ जिथल्या तिथं. ती फक्त मामाच सोडायचे, एका बोटानं, बोलता बोलता.

क्लबची पेटी सापडली ती रहीमचाचांच्या दुकानात. चाचा पिंजारी होते. धुनकीच्या तारेचा टँव टँव आवाज रस्त्याच्या वळणावरून यायचा, आणि कापसाच्या धुळीनं चाचांच्या भुवया बारा महिने पांढऱ्या असायच्या. आईनं मला गादी पिंजायला टाकायला पाठवलं होतं. बसायला म्हणून एक पत्र्याची पेटी ओढली, तर झाकण निघून हातात आलं. आत विटकरी रंगाचे अकरा सदरे, पितळी पंप, शिट्टी, आणि लिंबाच्या सुकलेल्या सालीसारखा एक फुटका चेंडू. प्रत्येक सदऱ्याच्या पाठीवर पांढऱ्या दोऱ्यानं भरलेलं होतं: सिरसाळा जवान क्लब.

“चाचा, ह्ये काय हाय?”

“ये? ये अपना क्लब है रे बावा.” चाचांनी धुनकी खाली ठेवली. “मी सेंटरला खेळायचो. परभनीपर्यंत जाऊन आलोय आमी.”

“मंग बंद कावून पडला?”

“बॉल फुटला. नवा कुनी आनायचा, त्याच्यावर भांडन झालं. ते मिटलंच न्हाई.”

“किती वर्सं झाली?”

“बारा,” चाचा म्हणाले, आणि पुन्हा कापूस पिंजायला लागले.

त्या बाजारी धर्मापुरीचे दशरथअण्णा बैल बघायला आले. अण्णा म्हणजे मोठे जमीनदार, अंगावर कडक इस्त्री, आणि गावात स्वतःची फुटबॉलची टीम. बैलाचे दात बघता बघता ते मामांना म्हणाले, “गनपतराव, सिरसाळ्याला बैल झकास मिळत्यात. मानसं मात्र आमच्याकडंच. आमची टीम बघा की. तुमच्यात अकरा पोरं एका वळीत उबी ऱ्हात न्हाईत.” मामा हसले. बैल मात्र त्यांनी अण्णांना दिले नाहीत. घरी आले, ताटावर बसले, आणि भाकरीला हात न लावता मला म्हणाले, “नाम्या, ती पेटी कुटं हाय म्हनलास?”

दुसऱ्या दिवशी चाचांच्या दुकानात रुमाल पडला. चाचा पावसाबद्दल बोलत होते, मामा कापसाबद्दल. मामांची एक दुभती पांढरी शेळी आणि तिची दोन पिल्लं, या बोलीवर क्लब आमचा झाला. पण रुमाल काढायची वेळ आली तरी चाचा हात सोडेनात. “पेटीके साथ मी बी येनार,” ते म्हणाले. “मास्तर म्हनून. न्हाई तर शेळी घेऊन जा तुमची.” अशा रीतीनं क्लबला एकाच सौद्यात मालक मिळाला आणि मास्तरही मिळाला. पेटी माझ्या डोक्यावर आली. ती नेताना वाटेत आत पंप खडखडत होता, आणि मी मुद्दाम बाजारपेठेतून लांबच्या रस्त्यानं गेलो.

मामांना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. त्यांना बैल कळत होते, आणि त्यांनी टीम बैलांसारखी चालवली. पहाटे आम्हाला नांगरलेल्या काळ्या रानातून पळवायचे. ढेकळातून पळणारा पुढे कुठंही पळतो, हे त्यांचं म्हणणं. आठवड्यातून एकदा सगळ्यांना ओसरीवर ओळीनं बसवून पायाला तेल लावायला लावायचे आणि स्वतः टाचा तपासायचे. आई चुलीवर मोठं पातेलं चढवून हुलग्याचं माडगं करायची. हुलगे घोड्याला घालतात म्हणून पहिल्या दिवशी गिरणीवाल्याचा पोरगा तोंड वाकडं करत होता. आठव्या दिवशी तो पातेलं खरवडून खात होता. चाचा संध्याकाळी धुनकी बंद करून यायचे, भुवया झटकायचे आणि ओरडायचे, “नक्को रे, पायानं नक्को, आधी डोळ्यानं मार!” बाजारतळावर शेण उचलून आम्ही खेळायचो, आणि बघायला म्हणून चार माणसं, मग चाळीस माणसं जमायला लागली. सोनारानं नवा चेंडू आणून दिला. बारा वर्षांचं भांडण असं मिटलं, आणि ते मिटल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मी डाव्या पायाचा होतो. डाव्या अंगानं पळायचो. “डाव्या अंगानं चालनारा बैल लई मुश्किलीनं मिळतो, नाम्या,” मामा माझ्या पोटरीवर थाप मारून म्हणायचे. हे वाक्य मी जपून ठेवलं आहे. त्यांच्याच विरुद्ध वापरायला.

तरी पहिले दोन सामने आम्ही हरलो. आमचा गोलकीपर सोपान किराणा दुकानात पुड्या बांधायचा. चेंडू जवळ आला की तो हात पुढे करायचा आणि डोळे मिटायचा. दुसऱ्या सामन्यात आम्ही पाच गोल खाल्ले, आणि बाजारात येणारा-जाणारा मामांना विचारायला लागला की तुमच्या गोठ्याला दार हाय का न्हाई. मामांना ते फार लागलं. पुढच्या बाजारी अण्णा आले. मी दोन बैलांची दावी धरून बाजूला उभा. रुमाल पडला. अण्णा जावयाच्या नोकरीबद्दल सांगत होते, मामा मान हलवत होते. मला वाटलं, बैल चालले. रुमाल निघाला, अण्णांनी खाली वाकून माझ्या पोटऱ्या बघितल्या आणि म्हणाले, “चल बे, चपला घाल.”

“कुटं?”

“धर्मापुरीला. तू आता आमचा.”

मी मामांकडे बघितलं. ते रुमाल झटकत होते. “क्लब वर आनायचा तर गोलकीपर पायजे,” ते म्हणाले. “त्यानला तू पायजे व्हतास. दुसऱ्या कुनाकडं त्यांनी बघितलं बी न्हाई.”

“मी काय बैल हाय का?”

“बैल असतास तर यवढं बोलला नसतास.”

तेवढ्यात माझ्या बदल्यातला माल आला. हरिबा, धनगराचा पोरगा, माझ्याच वयाचा, हात गुडघ्याच्या खालपर्यंत. कळपातून सुटलेलं कोकरू पळता पळता हवेत झेलायची सवय असलेले ते हात. त्याच्या मागोमाग एक गलेलठ्ठ मेंढा, सुलतान. सुलतानशिवाय मी येणार नाही, असं हरिबानं सांगितलं होतं. पण मामा गावभर सांगत सुटले की मेंढा मी वर घेतला. घरी आईनं पीठ भरल्या हातानं त्यांना अंगणात गाठलं. “दादा, माझं लेकरू तू मेंढ्याच्या भावानं दिलंस?”

“मेंढा वर हाय, सरू,” मामा शांतपणे म्हणाले. “भाव गोलकीपरचा हाय.”

दिवाळीची सुट्टी होती. अण्णांची जीप मला दर बाजारी सिरसाळ्याला आणायची आणि परत न्यायची. तिसऱ्या बाजारच्या दुपारी दोन्ही गावांचा सामना ठरलेला होता, आणि त्याच दिवशी मावळतीला माझी मुदत संपत होती. हिशेब सोपा होता. त्याच्या आत माझ्यात खोड दिसली की मी परत. विटकरी सदरा घालून माझ्या गावच्या तळावर, माझ्या माणसांसमोर खेळायचं, एवढंच मला हवं होतं.

पहिल्या आठवड्यात मी लाथाळ झालो. धर्मापुरीच्या प्रत्येक पोराच्या नडगीवर लाथ मारली, कप्तानाला चप्पल फेकून मारली, आणि केदारेश्वराच्या देवळामागच्या मैदानावर अण्णांच्या तोंडावर म्हणालो की तुमची टीम म्हणजे शेळ्यांचा कळप हाय. अण्णा खूश झाले. “असाच पायजे व्हता,” ते म्हणाले. “आमची पोरं लई मऊ.” दुसऱ्या आठवड्यात मी चारा सोडला. सकाळी भाकरीचं ताट बाजूला सारलं. अण्णांच्या घरच्या काकूंनी एका शब्दानं आग्रह केला नाही. त्यांनी फक्त माजघराचं दार उघडं ठेवलं आणि येसर भाजायला घेतला. ज्वारी, धणे, खोबरं, तीळ तव्यावर एकेक करून तडतडत होतं आणि तो वास ओसरीवर येऊन माझ्या शेजारी बसत होता. मग उखळात मुसळाचे ठोके. मग फोडणी. बाराच्या सुमारास येसराची लालभडक आमटी उकळायला लागली तेव्हा माझा संप मोडला. तीन वाट्या प्यायलो. काकू चौथी वाढताना म्हणाल्या, “जनावर खात न्हाई म्हनून परत जायचं व्हतं ना? मंग आधी जनावरानं गव्हानीतून तोंड तर काढावं.” आज माझ्या घरी नातसुना येसर पाकिटातून आणतात. चांगला असतो. पण त्याच्यासाठी कुणी संप मोडणार नाही.

मग मी जू बघून बसणारा बैल झालो. सरावाला मैदानाच्या मधोमध मांडी घालून बसलो. अण्णांनी पोरांना सांगितलं, त्याला बसू द्या, त्याच्या भोवतीनं खेळा. अर्धा तास मी बसलो. मग कुणाचा तरी चेंडू कानफटात बसला, माझं डोकं सटकलं, आणि मी उठून तो चेंडू पाच जणांमधून काढून गोलात घातला. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. बरं वाटलं याचाच मला राग आला.

दुसऱ्या बाजारी घरी गेलो तर ओसरीवर माझ्या वाकळेच्या जागी सुलतान बसलेला. आई त्याला भाकरी चारत होती, दूध लावून.

“आई, ती माजी जागा हाय.”

“तू हायस कुटं इकडं? आन ह्यो बिचारा उलटून बोलत बी न्हाई.”

बाजारतळावर हरिबाचा सराव चालला होता. तो चेंडू झेलत नव्हता, पोटाशी घेत होता, कोकरासारखा. चाचा आनंदानं रडकुंडीला आले होते. “देख बेटा, देख,” मला दंडाला धरून म्हणाले, “ऐसा हात परभनीमें बी नव्हता.” कडेला दोनशे माणसं. भेळेची गाडी. माझा क्लब जिवंत झाला होता आणि मी कडेला उभा होतो. पण मी बाजारातल्या माणसाचा भाचा; माझं लक्ष खोडीवर होतं, आणि मला ती सापडली. गोलामागे बांधलेला सुलतान ओरडला की हरिबाची मान मागे वळायची. दर वेळी. मी पळत जाऊन मामांना सांगितलं. “मालात खोड हाय, मामा. मेंढा वरडला की तो मागं बघतो. सौदा मोडा.”

“वरडू दे,” मामा म्हणाले. “मी बांधलेला मेंढा जागा सोडत न्हाई.”

तिसरा बाजार आला. दुपारपर्यंत जनावरं हलली, पोरांनी तळ झाडला, चार बल्ल्यांचे दोन गोल उभे राहिले. सिरसाळा तर होतंच, पण आसपासच्या खेड्यांतून बैलगाड्या आल्या होत्या, आणि गाड्यांवर उभं राहून माणसं बघत होती. बायकांसाठी शाळेच्या भिंतीकडची जागा ठेवली होती. आई कधी खेळ बघायला आली नव्हती, त्या दिवशी आली आणि पुढे बसली. चाचांनी जुना सदरा घातला होता, पोटावर ताणलेला. विटकरी सदऱ्यांची ओळ तळावर आली तेव्हा एवढा आवाज उठला की बांधलेली जनावरं बिथरली. मी धर्मापुरीच्या पिवळ्या सदऱ्यात होतो. माझ्या पायात चेंडू आला की निम्मं गाव ओरडायचं, “नाम्या, आपला हायस बे!” आणि निम्मं ओरडायचं, “पाड त्याला!” एकदा आई उठून माझ्या नावानं ओरडली, आणि मग आपण कुणाच्या बाजूनं ओरडलो हे न कळून खाली बसली.

दोन्हीकडून एकेक गोल झाला. हरिबानं माझे तीन फटके पोटाशी घेतले. दर वेळी तो हसायचा, मीही हसायचो, रागारागानं. ऊन पिवळं झालं. सामना संपत आला असताना गिरणीवाल्याच्या पोरानं धर्मापुरीच्या कप्तानाला गोलापुढे पाडलं, आणि पंच असलेल्या शाळेच्या ड्रिल मास्तरांनी पेनल्टी दिली. अण्णांनी कडेवरून माझ्याकडे बोट केलं. मी चेंडू ठेवला. पुढे फक्त हरिबा, त्याच्या मागे खुंट्याला सुलतान.

तेव्हा मामा मैदानात आले. “भाच्याला पानी देतो,” ते पंचांना म्हणाले. मी तांब्या तोंडाला लावला, आणि त्यांनी डोक्याचा रुमाल काढून आमच्या हातांवर टाकला. लोकांना वाटलं, मामा आशीर्वाद देतायत. काही जणांनी टाळ्या वाजवल्या. “तुजी आई आलीया,” मामा मोठ्यानं म्हणाले, “बघितलंस का?” आणि आत त्यांनी माझा अंगठा दाबला. दोनदा.

माल परत घेतो.

दिवस अजून हातभर वर होता. काय मागतायत ते मला कळलं. चेंडू हरिबाच्या हातात दे, आणि घरी ये. माझी जागा, माझा सदरा, चाचा, पहाटेचं रान, आईची थाप, सगळं त्या दोन दाबांत होतं. दुसऱ्या बाजूला काकूंच्या तीन वाट्या होत्या, मला खांद्यावर घेतलेली पोरं होती. मी मोठ्यानं म्हणालो, “बघितलं, मामा,” आणि त्यांचा अंगठा दोनदा दाबला. सौदा झाला. मामा रुमाल गुंडाळत गोलाच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

आता जे सांगतो ते मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. मी तो चेंडू सरळ हरिबाच्या पोटावर मारला. मुद्दाम. हळू. सोपाननं सुद्धा डोळे मिटून धरला असता इतका हळू. आणि चेंडू माझ्या पायातून निघाला त्याच क्षणी सुलतान ओरडत सुटला. गोलामागून लोकांत घुसला, दावं मागे फरफटत. हरिबानं मान वळवली, “सुलत्या!” म्हणून किंचाळला आणि चेंडूकडे पाठ करून धावला. चेंडू घरंगळत, दमलेल्या म्हाताऱ्यासारखा, रेषेपलीकडे गेला आणि थांबला.

मेंढा मैदानाबाहेर होता, त्यामुळे पंचांनी गोल दिला. धर्मापुरीची माणसं आत घुसली. मला खांद्यावर घेतलं, गुलाल कुणी आणला माहीत नाही, पण माझे डोळे, नाक, तोंड सगळं गुलालानं भरलं. हलगी वाजायला लागली. मी वरून ओरडत होतो, “मामा, म्या शब्द पाळलाय! खोड तुमच्या मालात हाय! दिस मावळला न्हाई अजून!” खालच्या लोकांना वाटलं, पोरगं आनंदानं ओरडतंय. ते आणखी नाचले. मग काय झालं कळत नाही, सिरसाळ्याचीही पोरं त्यांच्यात मिसळली. असा सामना गावानं बारा वर्षांत बघितला नव्हता, हरला तरी कुणाला घरी जायचं नव्हतं. चाचा हरिबाला एका हातानं आणि सुलतानला दुसऱ्या हातानं धरून नाचत होते. अण्णा मामांना म्हणाले, “गनपतराव, अकरा पोरं उबी ऱ्हात्यात की हो तुमची!” मामा असे हसले की मी त्यांना तसं हसताना पुन्हा कधी बघितलं नाही. आणि दिवस मावळला.

मामांनी मला परत घेतलं नाही. “चेंडू गोलात गेला,” एवढंच म्हणाले. मी काय बोलणार होतो? शब्द पाळला हे दाखवायचं तर अण्णांची टीम विकायला निघालो होतो हे कबूल करावं लागलं असतं. मी तसाच गुलालात माखलेला घरी गेलो. आईनं ताट वाढलं. “गोल मारलास न्हवं?” ती म्हणाली. “मंग जेव. आन जाताना ह्या भाकरी त्या काकूला ने. त्यांनी तुला चांगलं घातलंय खायला, दिसतंय.”

त्या वर्षी मी धर्मापुरीकडूनच खेळलो. अण्णांनी तिथंच मला पहिल्या दोन शेळ्या दिल्या आणि माझा धंदा सुरू झाला. सिरसाळ्याचा क्लब नंतर बंद पडला नाही. पुढच्या बाजारी चाळीस पोरं पेटीभोवती उभी होती. आता त्यांच्याकडे जाळ्या आहेत, बूट आहेत, पाठीवर ट्रॅक्टरच्या दुकानाचं नाव आहे. सदऱ्याचा रंग मात्र विटकरीच. या वर्षी धर्मापुरीची पोरं आली होती. मैदानाच्या फाटकावर माझं नाव लावणार म्हणतात, त्या गोलासाठी. म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं. काकू गेल्या, अण्णाही गेले. पण ज्या घरानं मला खाऊ घातलं, त्या घरातल्या माणसांना हे आधी कळायला हवं, मग फाटकाचं काय ते त्यांनी ठरवावं.

आणि एक गोष्ट राहिली. हरिबा माझा जन्माचा मित्र झाला. गेल्या वर्षी वारला. जायच्या थोडं आधी तो मला म्हणाला, “नाम्या, म्या त्या दिशी सुलत्याचं दावं बघितलं व्हतं. तुटलं नव्हतं. खुंटा बी जाग्यावर व्हता. गाठ सुटलेली व्हती.”

मामा, तुमच्या हातची गाठ वळूला सुटली नाही, ती मेंढ्याला कशी सुटेल? तुम्ही गोलामागे उभे होतात. दुसरं कुणी ती सोडू शकत नव्हतं. मी परत आलो की हरिबा परत जाणार, तो गोलकीपर हातचा जाऊ नये म्हणून सोडली असेल, तर तुम्ही मला दोनदा फसवलंत, आणि मी तुम्हाला या वयातही सोडणार नाही. भाच्यानं अंगठा दाबलेला तुम्हाला बघवला नाही, पहिल्या मोठ्या सामन्यात त्यानं स्वतःला विकू नये म्हणून स्वतःच्या क्लबचा पराभव घेतला असेल, तर तेही सांगा, म्हणजे मला तुमच्या पायावर डोकं ठेवता येईल. मला दोन्ही चालेल. न बोलणं चालणार नाही. हे प्रकरण छापून आलं की मी स्वतः येऊन तुमच्या खुर्चीसमोर मोठ्यानं वाचणार आहे, कान जवळ घेऊन. रुमाल घरात ठेवा. हात उघडे ठेवा. आणि चार माणसांत सांगा: सुलतानची गाठ कोणी सोडली?